सरोजच्या शेजारची जागा

लाजरस फाटकाशी येऊन उभा राहिला तेव्हा मी ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या भाषणाचे कागद चाळत होतो. ईस्टरआधीच्या दुःखसप्ताहातला गुरुवार होता. ऊन कलायला लागलं होतं, तरी फरशी अजून तापलेली होती. लाजरसच्या खांद्यावर टिकाव होता आणि हातात फावडं. तो हत्यारं घेऊन आला की काय झालं ते विचारावं लागत नसे, कोणाचं झालं एवढंच विचारायचं.

"सलाम, साहेब."

"सलाम. कोण गेलं?"

"परभाकर. ती वसतिगृहात सैपाक करती ना सुवार्ता, तिचा मालक. उसाची ट्रॉली उलटली दुपारी. सरकारी दवाखान्यातून उद्या सकाळी मयत देनारेत. जागा दावा, उजाडताच खनायला घेतो."

प्रभाकर त्रिभुवन ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. नवराबायको आठ-नऊ महिन्यांपूर्वीच आमच्या गावात आले होते. त्यानं तिशीही गाठली नसेल. रविवारी मागच्या बाकावर बसायचा, गाणी मोठ्यानं म्हणायचा आणि बेसूर म्हणायचा. माझी त्याची ओळख एवढीच.

लाजरस आमच्या कबरस्थानात कबरी खणायचा. बायबलातला लाजरस मेल्यावर चौथ्या दिवशी येशूच्या हाकेनं कबरीतून उठून आला होता. या कामाच्या माणसाचं नाव लाजरस असावं ही देवाचीच थट्टा. मी त्याला चिडवायचो, "बाबा, तुझ्या नावाला जागून एखादा वर आला तर माझा नकाशा चुकेल." तो दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. त्या दिवशी मी चिडवलं नाही. 

नकाशा माझाच होता. मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो आणि चर्चच्या मंडळीच्या पंचकमिटीचा सेक्रेटरी. आमचं कबरस्थान मिशनच्या काळापासूनचं, अर्ध्या एकराचं. एका अंगाला पाट, दुसऱ्या अंगाला वसतिगृहाची भिंत. मी ते सगळं फूटपट्टीनं मोजून कापडावर उतरवलं होतं. प्रत्येक कबरीला एक चौकोन, चौकोनात नाव आणि साल. कुठं खडक लागतो तिथं आडव्या रेघा मारलेल्या. चर्चचे पाळक बदलले, कमिट्या बदलल्या, पण जागा कुठली द्यायची हे माझ्या नकाशावरून ठरायचं.

मी नकाशा आणून ओट्यावर पसरला. "पाटाकडेची एक आहे. नाहीतर हा कोपरा."

लाजरस खाली वाकला. त्याला वाचता येत नव्हतं, पण नकाशा कळायचा. काळं, भेगा पडलेलं बोट त्यानं मधल्या ओळीवर नेलं आणि थांबवलं. "आन् बाईंच्या शेजारची?"

"तिथं खडक आहे. या रेघा बघ."

"बाईंची खनली तव्हा माती मऊ व्हती, साहेब. दोन तासांत काम झालं व्हतं."

"एका बाजूला माती आणि लगेच शेजारी खडक, असं असतं लाजरस. जमिनीच्या पोटातलं तुला-मला काय कळतंय?"

"आसंल," तो म्हणाला. "तुमी शिकलेली मानसं." त्यानं टिकाव खांद्यावर घेतला आणि गेला.

तिथं खडक नव्हता.

ते असं झालं. आमच्या लोकांना जागा राखून ठेवायची हौस फार. कोणी बापाच्या पायाशी, कोणी बायकोच्या कुशीशी. वादावादी व्हायची, एकदा तर मयत बाजूला ठेवून दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. म्हणून कमिटीनं ठराव केला की यापुढं कोणाचीही जागा राखायची नाही. जो आधी जाईल त्याला ओळीतली पुढची जागा. ठराव मी लिहिला होता, माझ्या वळणदार अक्षरात, आणि सभेत वाचून दाखवताना मृत्यूपुढं सगळे सारखे वगैरे चार वाक्यं पदरचीही घातली होती. माझी बायको सरोज तेव्हा धडधाकट होती.

पुढच्याच वर्षी ती गेली. काविळीनं, एकोणीस दिवसांत. आम्हाला मूलबाळ नव्हतं. माझ्या बाजूचं, तिच्या बाजूचं जवळचं कोणी राहिलं नव्हतं. आम्ही दोघंच होतो आणि आम्हाला ते पुरायचं. तिला माती दिली त्या दिवशी मी कबरीच्या उजव्या बाजूच्या मोकळ्या जमिनीकडं बघितलं आणि मनात म्हटलं, ही माझी. त्यावर मी आठ दिवस जगलो. मग गावात एक म्हातारे मास्तर आजारी पडल्याचं कळलं. ओळीतली पुढची जागा त्यांना जाणार होती. मी नकाशा काढला, बारीक निबाचं पेन घेतलं आणि सरोजच्या शेजारी अडीच बाय सात फुटांच्या चौकोनात आडव्या रेघा मारल्या.  खात्यात अशी कामं रोज करत होतो.

त्यानंतर चार वर्षांत एकवीस मयती झाल्या. प्रत्येक वेळी ओळ सरोजच्या शेजारची जागा ओलांडून पुढं गेली. आता ओळी भरून पाटाकडेची एक आणि तो कोपरा एवढंच उरलं होतं.

रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी तिथं जायचो. एक दगड मी बसायला ओढून घेतला होता. दिवसभराचं सगळं तिला सांगायचो. साहेब काय बोलले, भाजी काय केली, किती खारट झाली. निघताना शेजारच्या जमिनीवर हात ठेवायचो, गादी घातलीय की नाही हे बघावं तसा. प्रार्थनेतही माझं एकच मागणं असायचं. प्रभू, सरोजला नीट सांभाळ आणि मला लवकर तिच्याकडं ने. यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट आपण फार एकनिष्ठ आहोत असं वाटायचं, आणि लोकही तसंच म्हणायचे.

शुक्रवारी सकाळी नऊला पाळकसाहेबांचा निरोप आला, कबरस्थानात या. पाळक दुशिंग तेव्हा नवे होते, पस्तिशीचे, शांत. मी गेलो तर ते पाटाकडेच्या खड्ड्यापाशी उभे होते आणि लाजरस आत, गुडघाभर पाण्यात.

"पाटाला आवर्तन सुटलंय," मी म्हणालो. ते मला चार दिवस आधीपासून माहीत होतं. आवर्तनाचा तक्ता मीच काढला होता. पाट वाहता असताना त्या कडेला तीन फुटांवर पाणी लागणार हे कोणाही शहाण्याला कळलं असतं. तरी मी काल ती जागा दाखवली होती.

"आणि तो कोपरा?" पाळकांनी विचारलं.

"दोन फुटांवर खडक लागला," लाजरस खालून म्हणाला. "टिकावाचं टोक मोडलं. त्यो खरा खडक हाय." 'खरा' म्हणताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. गाळ बाहेर फेकत राहिला.

"अमोलिकसाहेब, आणखी कुठं काही? नकाशात एखादी जागा?"

"नाही," मी म्हणालो.

पाळकांनी रुमालानं मान पुसली. "मग तालुक्याच्या मंडळीला फोन करतो. त्यांच्याकडं जागा आहे, नाही म्हणणार नाहीत. बावीस किलोमीटर न्यायला लागेल, पण इलाज नाही. या उन्हात संध्याकाळपलीकडं ठेवता येणार नाही. चला, सुवार्ताबाईंना सांगून येऊ."

मला जायचं नव्हतं. पण सेक्रेटरी म्हणून मयताचं नाव, वय लिहून घ्यायचं माझंच काम होतं, त्यामुळं गेलो.

वसतिगृहाच्या व्हरांड्यात बर्फाच्या लाद्यांवर त्याला ठेवलं होतं. लाद्यांचं पाणी पायरीवरून खाली ओघळत होतं. सुट्ट्यांमुळं बऱ्याच मुली घरी गेल्या होत्या, थोड्याच मागं राहिल्या होत्या. मेट्रन आणि गावातल्या दोन बायका भिंतीशी बसल्या होत्या. सुवार्ता त्याच्या डोक्याशी होती. रडत नव्हती. पंख्याची तार पुरत नव्हती म्हणून एका पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

पाळकांनी तिला समजावून सांगितलं. पाणी, खडक, तालुका. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तिथं मला जाता येईल का, पाळकसाहेब?"

"येईल की. गाडी असते दिवसातून दोनदा."

"दोन वेळचा सैपाक असतो माझा. सकाळी चारला चूल पेटवती, रात्री भांडी. रविवारी तर गोडधोड असतं. मी कधी जाऊ?"

पाळक तिच्याजवळ खाली बसले. मग म्हणाले, "वर्षातून एकदा मी मंडळीतल्या काही जणांना घेऊन जाईन. तुम्हीही या."

"वरसातून एकदा," ती म्हणाली. तिनं पुठ्ठा खाली ठेवला आणि माझ्याकडं वळली. "काका, तुमी रोज जाता ना काकूंकडं? सैपाकघराच्या खिडकीतून मला दिसतं. सांजच्याला भाकरी थापताना बघते मी. एकदा ह्यांना दावलं होतं. म्हनले, म्हातारा काय बोलत बसतो गं रोज? मी म्हनलं, बोलू द्या, त्यांचं मानूस हाय तिथं." तिनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला. "आमचं बी कोन न्हाई, काका. ह्यांच्या घरच्यांनी मला घेतलं न्हाई, माझ्यांनी ह्यांना. खिडकीतून दिसले आस्ते तरी मला पुरलं आस्तं. कायच जागा न्हाई का वो?"

मी वहीत वय लिहीत होतो. अठ्ठावीस. लिहून झाल्यावरही लिहीतच राहिलो.

"नाही बाई," मी म्हणालो. "असती तर दिली नसती का?"

बाहेर आल्यावर पाळक फोन करायला गेले. मी मनात मोजलं, लाजरस, पाळक आणि ही. तीनदा नाही म्हणून झालं होतं. पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता. आमच्या गल्लीत कोंबडे पुष्कळ होते, पण एकही आरवला नाही.

बारा वाजता चर्चची घंटा झाली. आमच्याकडं त्या शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना असते आणि येशूनं वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. सातवा उद्गार माझा असायचा, अकरा वर्षांपासून. शेवटच्या श्वासाला स्वतःला बापाच्या हाती सोपवून देणं. भाषण तेच, कागद तेच, घड्यांवर फाटायला आलेले. पण मी बरा बोलायचो. सरोज गेल्यापासून तर बायका पदर डोळ्यांना लावूनच ऐकायच्या. आता हा माणूस अनुभवानं बोलतो असं त्यांना वाटायचं.

चर्च भरलं होतं. पांढरे कपडे, डोक्यावरचे पदर, घामाचा वास. मी दुसऱ्या बाकावर बसलो होतो. पहिला उद्गार मुख्याध्यापिकाबाईंनी घेतला, दुसरा डॉक्टरांनी. मला काही ऐकू येत नव्हतं. मी देवाशी भांडत होतो, आणि तेही वकिलासारखं, मुद्दे मांडून. चार वर्षं मी काय मागितलं तुझ्याकडं? बढती मागितली नाही. दुसरं लग्न कर म्हणून लोक मागं लागले, ते केलं नाही. एवढी वीतभर जमीन मागितली, तीही मेल्यावर. ही पोरगी तरुण आहे. दोन वर्षांत कोणीतरी भेटेल, जाईल निघून, आणि तो ड्रायव्हर पडून राहील माझ्या बायकोच्या शेजारी. कल्पांतापर्यंत. ते मला खरोखर सहन होत नव्हतं, तिच्याशेजारी परका पुरुष. बावन्न वर्षांचा माणूस, पण मत्सरानं माझे कान गरम झाले होते.

मुद्दे सगळे बिनतोड होते.  फक्त पुठ्ठ्यानं वारा घालणारा हात सारखा दिसत होता.

सहावा उद्गार झाला. पाळक उठले. "एक सूचना आहे. बंधू प्रभाकर त्रिभुवन यांचा दफनविधी जागेअभावी तालुक्याला होईल. शेवटच्या प्रार्थनेनंतर गाडी निघेल. ज्यांना येणं शक्य आहे त्यांनी यावं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सातवा उद्गार, बंधू शांतवन अमोलिक."

मी पुढं गेलो. कागद ठेवले, चष्मा लावला. पहिलं वाक्य माझं मीच रचलेलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. 'ज्यानं सगळं सोपवलं, त्याची मूठ उघडी असते.' अकरा वर्षं या वाक्यावर लोकांनी माना हलवल्या होत्या. मी तोंड उघडलं आणि वाक्य बाहेर येईना. समोर पाण्याचा पेला होता. पाणी प्यायलो. पुन्हा प्रयत्न केला. मागच्या दाराशी चिखलाचे पाय घेऊन लाजरस उभा होता, दरवर्षीसारखा, हात जोडून. त्याला माझं भाषण आवडायचं.

"तिथं खडक नाही," मी म्हणालो.

कोणाला काही कळलं नाही. पुढच्या बाकावर मार्थाबाई होत्या, ऐंशीच्या, कानानं अधू. त्यांनी शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "काय म्हनला? कोनता उद्गार हा?"

"सरोजच्या शेजारी," मी म्हणालो. "उजव्या हाताला. नकाशात खडक दाखवलाय तो मी दाखवलाय. तिथं माती आहे. जागा राखायची नाही असा ठराव मीच लिहिला आणि मग मीच माझी जागा राखली. चार वर्षं तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो. त्या मुलाला तालुक्याला नेऊ नका." आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, क्षमा वगैरे, पण सुचलं नाही. "खणा," एवढं म्हटलं आणि कागद तिथंच सोडून बाकावर येऊन बसलो.

 मी मान वर केली तेव्हा दाराशी लाजरस नव्हता. 'आमेन'ची वाट न बघता तो फावडं उचलून गेला होता. पाळकांनी शेवटची प्रार्थना केली. ती फार लहान होती आणि तिच्यात माझं नाव नव्हतं, त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे.

दारात ते माझ्यापाशी आले. "साहेब, हे सकाळी सांगता आलं असतं."

"सकाळी सांगता आलं असतं तर सांगितलं असतं," मी म्हणालो. ते उद्धट वाटलं असेल, पण खरं होतं. पाळकांनी माझ्या दंडाला हात लावला आणि वसतिगृहाकडं गेले.

मी कबरस्थानात गेलो. लाजरस कमरेइतका आत होता. काळी माती ढेकळाढेकळांनी वर येत होती, दगडाचं नाव नाही. मी शर्टाच्या बाह्या सारल्या, बाजूची पाटी उचलली आणि माती बाजूला नेऊन टाकायला लागलो.

"तुमी नका, साहेब. उन्हाचं भोवळ येईल."

"तुला माहीत होतं ना?"

"व्हय."

"मग चार वर्षं बोलला का नाहीस?"

लाजरसनं फावडं टेकवलं. "बाईंनी माझ्या पोरीला शिकीवलं, फुकट. त्यांचा मालक खोटा निगाला आसं म्या कुनाला सांगू? म्हनलं, सोता बोलंल तव्हा बोलंल." त्यानं पुन्हा खणायला घेतलं. सरोजच्या बाजूची कड त्यानं फार जपून उतरवली, भिंत सारवावी तशी हातानं चोपून. तरी थोडी माती त्या बाजूनं घरंगळली. मला ती बघवली नाही. मी पाटी टाकून पाटाच्या कडेला जाऊन बसलो आणि रडलो. चांगुलपणानं रडलो असं समजू नका. रागानं रडलो. देवानं हातातून ओढून घेतल्याचा राग होता.

साडेपाचला त्याला माती दिली. अर्धी मंडळी आली होती. सुवार्तानं मूठभर माती टाकली, मग वाकून त्या मातीला हात लावला. लोक निघाले तेव्हा ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं आभार मानेल. मानले असते तर मला फार जड गेलं असतं.

"काका, मग तुमी कुठं?" तिनं विचारलं.

तेवढ्या बायकांत, तेवढ्या दुःखात, हा प्रश्न तिच्याच मनात आला होता.

"माहीत नाही," मी म्हणालो.

गावात दोन्ही प्रकारचं बोलणं झालं. काहींनी तोंडावर सांगितलं, केवढा त्याग केलात. काहींनी मागं सांगितलं, एवढा मोठा सातवा उद्गार सांगणारा आतून असा निघाला. पुढच्या सभेत मी राजीनामा दिला, त्याला कोणी नको म्हटलं नाही. पण त्या गोष्टी नंतरच्या. मला सांगायचं आहे ते शनिवारचं.

शनिवारी संध्याकाळी मी नेहमीसारखा निघालो. वाटेत मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, सरोजला काय काय सांगायचं ते. फाटकापाशी पोचलो आणि थांबलो. माझ्या दगडावर सुवार्ता बसली होती. पाठमोरी. ती काहीतरी बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण मध्येच ती हसली आणि मग पदरानं नाक पुसलं. हात सारखा हलत होता, घरात नवऱ्याशी बोलताना हलावा तसा.

आत जायला मला कोणी अडवलं नव्हतं. दुसऱ्या बाजूनं जाऊन उभा राहिलो असतो तर ती उठली असती, "बसा काका" म्हणाली असती. म्हणूनच गेलो नाही. तिला अजून चूल पेटवायला जायचं होतं, तिच्याकडं थोडाच वेळ होता. मी फाटकाबाहेर उभं राहून तिच्याकडं बघितलं आणि मला माझीच पाठ दिसली. चार वर्षं मी असाच दिसत असणार. फरक एवढाच, माती दिल्यानंतरचा तिचा तो दुसरा दिवस होता, आणि मी चार वर्षं त्याच दुसऱ्या दिवसात बसून राहिलो होतो.

मी घरी परत आलो. इतक्या लवकर मी कधी घरी येत नसे. खिडकीतून तिरकं ऊन स्वयंपाकघरात आलं होतं, ते त्या वेळी तिथं येतं हे मला माहीतच नव्हतं. मी पाणी प्यायलो. कोणाला काही सांगायचं नव्हतं. सरोज इथं नव्हती. आणि पहिल्यांदा मनात आलं की तिथंही ती नव्हती. इतकी वर्षं मी मातीच्या ढिगाला भाजी खारट झाल्याचं सांगत होतो आणि ज्याच्याकडं ती होती त्याच्याशी धड बोललोच नव्हतो. त्याला फक्त ताकीद देत होतो, माझी आहे, नीट सांभाळ, आणि मला परत दे.

मग मी गुडघे टेकले. जागा दिली होती ती चारशे लोकांसमोर दिली होती, त्यात थोडा दिखावाही होता. आता बघायला कोणी नव्हतं.  देण्याचं म्हटलं की हात आपोआप छातीशी येत होते.

शेवटी म्हणालो, "प्रभू, सरोज तुझी. मी आता मागणार नाही."

त्यावर काही झालं नाही. उजेड पडला नाही, मन भरून आलं नाही. घर होतं तितकंच रिकामं होतं, किंबहुना जरा जास्त, कारण आतापर्यंत तिथं माझं मागणं तरी असायचं. गुडघे दुखायला लागले तेव्हा खाटेला धरून उठलो. दुसऱ्या दिवशी ईस्टर, पुनरुत्थानाचा रविवार होता, पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्थानात जाणार होती. मी तांदूळ धुतले, स्टोव्ह पेटवला आणि भात होईपर्यंत तिथंच बसून राहिलो. भात शिजत असताना मला सरोजची फार आठवण आली. चार वर्षं मी तिच्याशी रोज बोलत होतो, पण ती गेली म्हणून रडलो नव्हतो. त्या संध्याकाळी रडलो.